बडोद्यात घर बुक करताना: बानाखतावर सही करण्याआधी

पुण्या-नाशिकहून किंवा खानदेशातून नोकरीसाठी बडोद्यात आलेलं कुटुंब काही वर्षं भाड्याच्या घरात काढतं. मुलांच्या शाळा लागतात, कामापुरती गुजराती बोलता येते, आणि मग रविवारच्या रविवार भायली, गोत्री, हरणी, वाघोडिया रोडकडे सॅम्पल फ्लॅट बघणं सुरू होतं. एखादा मनात भरतो. सेल्स ऑफिसात चहा येतो, "आज बुक केलंत तरच हा भाव" असं सांगतात आणि एक फॉर्म पुढे सरकतो. हा लेख त्या फॉर्मवर सही करण्याआधी वाचण्यासाठी आहे.

त्या टेबलाभोवती कोण कोणाचं आहे, ते आधी बघा. बिल्डरचा वकील आहे, कराराचा मसुदा त्यानेच केलेला असतो. बँकेचा पॅनेलवरचा वकील आहे. दलालाला दलाली सौदा झाला तरच मिळते. म्हणजे सगळ्यांच्या बाजूने कोणी ना कोणी बसलेलं असतं आणि पुढची वीस वर्षं हप्ते भरणारा माणूस एकटा असतो. त्याने काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "बधाने आ ज फॉर्मेट छे." सगळ्यांना हाच फॉर्मेट असतो, हे खरंही असेल. पण तो बिल्डरच्या सोयीने लिहिलेला आहे, आणि त्यातल्या कोणत्या ओळी बदलून मागायच्या हे सांगणारं माणूस तुमच्याकडे नाही.

सर्वांत जास्त घात करणारी समजूत म्हणजे "बँकेने कर्ज मंजूर केलं, म्हणजे कागद स्वच्छ आहेत." बँकेचा वकील एकच प्रश्न घेऊन बसतो: हप्ते थकले तर या मालमत्तेवर बँकेला वसुली करता येईल का? त्यासाठी तो टायटल, म्हणजे मालकीहक्काचे कागद, बघतो, आणि ते चांगलंच आहे. पण ताबा उशिरा मिळाला तर तुम्हाला काय मिळेल, पार्किंग करारात लिहिलंय का, बिल्डरला नकाशा बदलायची मोकळीक दिली आहे का, याच्याशी बँकेला फारसं देणंघेणं नसतं. फ्लॅट उशिरा मिळाला तरी तुमचा हप्ता चालूच राहतो. शिवाय त्या तपासणीची फी तुमच्याकडून घेतली तरी अहवाल बँकेच्या नावे असतो आणि पुष्कळदा ग्राहकाच्या हाती येतच नाही. त्याची प्रत मागा, मिळाली तर आपल्या वकिलाला द्या. पण तिच्यावर विसंबू नका.

महाराष्ट्राची सवय इथे चालत नाही

महाराष्ट्रात फ्लॅटचं रजिस्टर्ड ॲग्रीमेंट होतं, त्यावरच पूर्ण स्टॅम्प ड्युटी भरली जाते, आणि पुढे जमीन सोसायटीच्या नावावर व्हायची असते. त्यामुळे आपल्याकडचे लोक ॲग्रीमेंट झालं की घर झालं असं धरून चालतात. गुजरातेत टप्पे दोन आहेत. आधी बानाखत, म्हणजे आपलं साठेखत. मग शेवटी दस्तावेज, म्हणजे खरेदीखत. ताबा न देता केलेल्या बानाखतावर स्टॅम्प अगदी थोडा लागतो, पूर्ण स्टॅम्प ड्युटी दस्तावेजाच्या वेळी भरायची असते. मालकी येते ती दस्तावेजाने. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की विक्रीच्या कराराने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही.

याचा अर्थ असा की बांधकाम चालू असलेल्या स्कीममध्ये बुकिंगपासून दस्तावेजापर्यंत जी दोन-तीन वर्षं जातात, त्या काळात तुमच्या हातात बानाखतातल्या शब्दांखेरीज काही नसतं. आणि नेमक्या याच कागदाला लोक "तो काय, नुसता बाना आहे" म्हणून हलक्यात घेतात. काही ठिकाणी बानाखत नोटरीकडे करून ठेवायचं सुचवतात, खर्च वाचेल म्हणून. काही ठिकाणी बानाखत करतच नाहीत, फक्त पावत्या देतात आणि "शेवटी थेट दस्तावेज करू" म्हणतात. दोन्हींना नकार द्या. रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायदा, २०१६ च्या कलम १३ प्रमाणे लेखी विक्रीकरार करून तो नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ५० लाखांच्या फ्लॅटला ही मर्यादा ५ लाख होते. टोकन, बुकिंग, ॲडव्हान्स, नाव काहीही दिलं तरी सगळं यातच मोजायचं.

टेनामेंट, डुप्लेक्स किंवा बंगलो घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. इथे पुष्कळदा प्लॉटचा दस्तावेज आधी करतात आणि घराचा बांधकाम करार वेगळा ठेवतात. पद्धत म्हणून त्यात गैर नाही, पण दोन्ही कागद एकमेकांना बांधलेले हवेत. नाहीतर प्लॉट तुमच्या नावावर होतो, घराचं सगळं वचन मात्र साध्या कागदावर राहतं. बांधकाम अर्धवट थांबलं तर कोणत्या कागदावर कोणाकडे जायचं, हे सहीआधी वकिलाला विचारून घ्या.

पहिली पायरी: टोकनच्या आधी वकील

बहुतेक जण वकिलाकडे जातात ते टोकन देऊन, बुकिंग फॉर्मवर सही करून, कर्जाचा अर्ज टाकून. तोवर वकिलाच्या हातात सुचवण्यापलीकडे फारसं काही उरलेलं नसतं. बुकिंग फॉर्म हाही करारच आहे. त्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत रद्द केल्यास किती रक्कम कापणार ते लिहिलेलं असतं, आणि "पुढील करार कंपनीच्या नमुन्यात करण्यास मी बांधील आहे" असंही कधी असतं. टोकन द्यायचंच असेल तर थोडकं द्या, चेकने द्या, आणि पावतीवर एक वाक्य लिहून घ्या: टायटल किंवा करारातल्या अटी खरेदीदाराच्या वकिलाला मान्य न झाल्यास पूर्ण रक्कम परत. हे वाक्य लिहून द्यायला बिल्डरने टाळाटाळ केली, तर तेही तुम्हाला बरंच काही सांगून जातं.

वकील कसा शोधायचा? दिवाणी मालमत्तेचं काम रोज करणारा हवा. नात्यातले फौजदारी कोर्टातले काका कितीही हुशार असले तरी हे त्यांचं काम नाही. दिवाळीपुऱ्याच्या जिल्हा कोर्टाच्या आसपास असे वकील भेटतात, दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या जुन्या मराठी घरांमध्ये विचारलंत तर मराठी बोलणारेही सापडतात. बिल्डरने किंवा दलालाने सुचवलेलं नाव मात्र घेऊ नका. भेटीत सरळ विचारा: या बिल्डरचं, जमीनमालकाचं किंवा या स्कीमचं काम तुम्ही कधी केलंय का? केलं असेल तर दुसरा बघा. "आमचे वकील सगळं बघतात, तुम्ही खर्च कशाला करता" हे वाक्य सेल्स ऑफिसात प्रेमानेच म्हटलं जातं. पण तो वकील बिल्डरशी बांधील आहे, आणि तुमचे व बिल्डरचे हितसंबंध जिथे वेगळे होतात तिथे तो तुमच्या बाजूने बोलूच शकत नाही.

काम काय करायचं आणि फी किती, हे आधी लिहून ठरवा. टायटलचा शोध, बानाखताचा मसुदा वाचून बदल सुचवणं, बिल्डरशी एकदा बोलणं, आणि दस्तावेजाचा मसुदा पुन्हा वाचणं, इतकं तरी त्यात यावं. फी देणं जड जात असेल तर जिल्हा कायदेशीर सेवा प्राधिकरणाचा मार्ग आहे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर सेवा मिळते आणि त्यात सल्लाही येतो. घर पत्नीच्या नावावर किंवा दोघांच्या नावे घेत असाल तर हे लक्षात असू द्या.

दुसरी पायरी: गुजरेराचं पान घरी बसून वाचा

गुजरेरा म्हणजे गुजरातचं रेरा प्राधिकरण. त्याच्या संकेतस्थळावरचं स्कीमचं पान वकिलाशिवायही वाचता येतं, आणि प्रत्येकाने वाचावं. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत घरं असलेली लहान स्कीम सोडली तर स्कीमची नोंदणी रेरात हवीच, आणि ती होण्याआधी जाहिरात किंवा बुकिंग करायला कायद्याने मनाई आहे. "नंबर येतोच आहे, तोवर प्री-लाँचचा भाव घ्या" असं कोणी म्हटलं तर उठून या. अशी लहान स्कीम रेराच्या नोंदणीत येत नाही, म्हणून तिथे आपल्या वकिलाची गरज आणखी जास्त.

गुजरेराच्या संकेतस्थळावर स्कीमचं नाव टाकलं की मंजूर नकाशे, काम पूर्ण करण्याची तारीख, बांधकामाची प्रगती, जमिनीवरचं कर्ज अशी माहिती निघते. तारीख वहीत लिहून ठेवा, ती पुढे बानाखतातल्या तारखेशी ताडून बघायची आहे. स्कीमचं ठरावीक बँक खातंही बघा. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम या वेगळ्या खात्यात ठेवून जमीन आणि बांधकामावरच खर्च करायची असते. तुमच्याकडून चेक भलत्याच फर्मच्या किंवा भागीदाराच्या वैयक्तिक नावाने मागितला जात असेल, तर पैसा त्या खात्यात जाणार नाही हे उघड आहे. दलालाचीही रेरा नोंदणी असावी लागते, त्याचा नंबर मागायला संकोच करू नका.

तिसरी पायरी: जमीन कोणाची

इथे वकिलाचं खरं काम आहे आणि नवख्या माणसाने स्वतः करू नये असंही. तरी काय चाललंय ते समजावं म्हणून थोडक्यात सांगते. सातबारा, आठ-अ आणि ६ नंबरच्या हक्कपत्रकातल्या जुन्या नोंदी यांवरून जमीन कोणाकडून कोणाकडे आली ते कळतं. शहरातल्या सर्व्हे भागात त्याऐवजी प्रॉपर्टी कार्ड असतं. महाराष्ट्रातला सातबारा वाचता येतो म्हणून गुजरातचाही येईल असं मानू नका. जमीन नव्या शर्तीची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, असेल तर ती जुन्या शर्तीत आणल्याची परवानगी हवी. एनए, म्हणजे बिगरशेती, झालेली हवी. टीपी (नगररचना) स्कीममध्ये असेल तर मूळ प्लॉट जाऊन फायनल प्लॉट आलेला असतो, आणि त्याची हद्द व क्षेत्रफळ बदललेलं असू शकतं, म्हणून तुमच्या बानाखतात सर्व्हे नंबर, टीपी नंबर आणि फायनल प्लॉट नंबर तिन्ही जुळले पाहिजेत.

भायली, बिल, सेवासी, वेमाली, करोडिया, उंडेरा, वडदला ही गावं २०२० साली महानगरपालिकेत आली. तिथल्या आधीच्या परवानग्या वुडाच्या, म्हणजे वडोदरा नागरी विकास प्राधिकरणाच्या, असू शकतात. रजा चिठ्ठी, म्हणजे बांधकाम परवानगी, कोणी, कधी आणि किती मजल्यांसाठी दिली ते वकिलाने मूळ कागदावरून बघावं.

पुष्कळदा जमीन शेतकरी कुटुंबाची असते आणि बिल्डर विकासकरार व कुलमुखत्यारपत्रावर काम करतो. ते मुखत्यारपत्र नोंदलेलं आहे का, त्यात विक्रीचा अधिकार आहे का, देणारे हयात आहेत का, घरातल्या मुलींच्या सह्या आहेत का, हे सगळं आधी बघायला हवं. बहिणीने हक्क सोडलेला नाही हे दस्तावेजाच्या दिवशी कळणं फार महागात पडतं. वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवतात ती याच कारणासाठी. नोटीस गुजराती वृत्तपत्रात यायला हवी, कारण हरकत घेणारे तीच वाचतात.

जुन्या शहरात घर बघत असाल तर अशांत धारा लागू आहे का ते विचारायलाच हवं. १९९१ च्या या कायद्याखाली बडोद्याचे काही भाग जाहीर झालेले आहेत आणि तिथे कलेक्टरची आगाऊ परवानगी नसेल तर व्यवहार टिकत नाही.

चौथी पायरी: मसुदा घरी आणा आणि ओळ न ओळ वाचून घ्या

सहीच्या आठ-दहा दिवस आधी मसुदा ईमेलवर मागा. कचेरीत, रांगेत उभं राहून पानं उलटत वाचणं म्हणजे न वाचणंच. बानाखत गुजरातीत असेल आणि तुम्हाला लिपी येत नसेल, तर वकिलाकडून शब्दशः वाचून घ्या. सारांशावर समाधान मानू नका. गुजराती दस्तांच्या शेवटी सही करणारा राजीखुशीने, शुद्धीत, वाचून-समजून सही करतो आहे असं लिहिलेलं असतं. त्याखाली तुमची सही आली की "मला गुजराती वाचता येत नव्हतं" हे सांगून सुटका होणं अतिशय कठीण.

तसाच, किंबहुना जास्त धोक्याचा परिच्छेद म्हणजे "खरेदीदाराने सर्व टायटलचे कागद, नकाशे व परवानग्या पाहिल्या असून त्याबद्दल त्याचं समाधान झालं आहे." नव्वद पानांच्या गठ्ठ्यात ही दोन ओळींची कबुली असते. तुम्ही एकही कागद पाहिलेला नसताना ती देता. वकिलाला दाखवलेल्या कागदांची यादी बानाखताला जोडून घ्या आणि कबुली त्या यादीपुरती ठेवा.

ताब्याची तारीख ठाम हवी: दिवस, महिना, वर्ष. "रजा चिठ्ठी मिळाल्यापासून ३६ महिने" किंवा "सर्व हप्ते वेळेवर आल्यास अंदाजे" असलं काही नको. रेरावर लिहिलेल्या तारखेशी ती जुळते का बघा. मुदतवाढीची कारणंही वाचा. रेरा कायद्यात अपरिहार्य कारणांत युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप आणि तशी नैसर्गिक आपत्ती येते. मजूर मिळाले नाहीत, सिमेंट महागलं, परवानगीला उशीर झाला ही कारणं मसुद्यात घुसवलेली असतील तर काढायला सांगा.

मग व्याज. तुमचा हप्ता चुकला तर किती, आणि बिल्डरला उशीर झाला तर किती? रेराच्या व्याख्येत दोघांचा दर एकच असायला हवा. पूर्वी असं नसे. गुरुग्रामच्या एका प्रकल्पाबद्दलच्या पायोनियर अर्बन प्रकरणात खरेदीदाराला १८ टक्के आणि बिल्डरला ९ टक्के असा दर लिहिलेला होता. करार २०१२ चा होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली म्हटलं की अशा एकतर्फी अटी खरेदीदारावर बंधनकारक होत नाहीत, कारण छापील ओळीवर सही करण्यावाचून त्याच्यापुढे पर्याय नव्हता. निकाल ग्राहकाच्या बाजूचा आहे, तरी मधली वर्षं बघा. वकिलाने मसुद्यातच तो आकडा दुरुस्त करून घेतला तर ही लढाई करायची वेळच येत नाही.

पुढची जागा म्हणजे नकाशा बदलण्याची संमती. "भविष्यात जादा एफएसआय मिळाल्यास मजले वाढवण्यास, मांडणी बदलण्यास खरेदीदाराची आगाऊ संमती आहे" असं कलम फार ठिकाणी असतं, आणि कधी त्यासोबत मुखत्यारपत्रही घेतात. रेराच्या कलम १४ नुसार मंजूर नकाशात मोठा बदल करायला किमान दोन तृतीयांश खरेदीदारांची आधी लेखी संमती लागते. ही संमती बदल कळल्यावर द्यायची असते. सगळ्यांची कोरी संमती पहिल्याच दिवशी घेऊन ठेवली की कायद्याने दिलेलं संरक्षण तुम्ही स्वतःच्या हाताने सोडून देता. हे कलम काढायला बिल्डर सहजी तयार होत नाही, वकिलाला इथे जोर लावू द्या.

क्षेत्रफळ कार्पेटमध्येच, म्हणजे घराच्या आतल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेतच, लिहून घ्या. ब्रोशरवर सुपर बिल्टअप मोठ्या अक्षरात असतं, पण रेराप्रमाणे विक्री कार्पेटवर व्हायची असते. पार्किंग कुठलं, झाकलेलं की उघडं, नंबर काय, हे बानाखतात आणि सोबतच्या नकाशावर हवं. उघडं पार्किंग आणि गच्ची कायद्याने सामायिक जागेत मोडतात, त्यांचे वेगळे पैसे मागत असतील तर कशाचे ते विचारा. पार्किंग बेसमेंटमध्ये असेल तर ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात त्या परिसरात पाणी किती चढलं होतं ते शेजारच्या सोसायटीत जाऊन विचारा. बानाखतात "जागा पाहिली, समाधान झालं" हे तुमच्याच नावाने लिहिलं जाणार आहे.

तोंडी सांगितलेलं सगळं कागदावर आणायला हवं. क्लब हाऊस, लिफ्टची कंपनी, टाइल्स, समोरची बाग, चोवीस तास पाणी. लेखी करार झाला की तोंडी बोलण्याने त्यातल्या अटी बदलता येत नाहीत, हा पुराव्याच्या कायद्यातला जुना नियम आहे. खोट्या जाहिरातीबद्दल रेराचं कलम १२ दाद देतं, म्हणून ब्रोशर आणि सेल्समनचे व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा. पण त्यापेक्षा बानाखताच्या परिशिष्टात दोन ओळी लिहून घेणं कधीही सोपं.

पाचवी पायरी: पैशांचा पूर्ण हिशेब

ब्रोशरच्या तळाशी "स्टॅम्प ड्युटी, जीएसटी, एमजीव्हीसीएल, लीगल, मेन्टेनन्स एक्स्ट्रा" एवढंच असतं (एमजीव्हीसीएल म्हणजे इथली वीज कंपनी). प्रत्येकासमोर आकडा लिहून घ्या. गुजरातमध्ये स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का आहे. खरेदीदार फक्त स्त्रिया असतील तर नोंदणी फी माफ होते. ५० लाखांच्या दस्तावेजाला स्टॅम्पचे २,४५,००० आणि नोंदणीचे ५०,००० धरा, जंत्रीची, म्हणजे आपल्या रेडी रेकनरची, किंमत जास्त निघाली तर हिशेब तिच्यावर. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे आणखी अडीच लाख. किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर तो १ टक्का लागतो. बीयू परमिशन, म्हणजे इमारत वापराचा दाखला, आल्यानंतर विकलेल्या घरावर जीएसटी नाही. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस कापून सरकारात भरणं ही तुमची जबाबदारी आहे. बिल्डर ते सांगेलच असं नाही, आणि नोटीस तुमच्या नावाने येते.

रोखीबद्दल अगदी स्पष्ट बोलते. "इतके चेकने, इतके रोख, दस्तावेज कमी किमतीचा" हे सुचवणारे भेटतील, आणि बहुधा तुमच्याच फायद्यासाठी म्हणून सांगतील. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रक्कम रोखीत घेण्यावर आयकर कायद्याने बंदी आहे. पण माझ्या मते मोठा धोका दुसराच आहे. व्यवहार मोडला, स्कीम रखडली, तर व्याजासकट परत मिळण्याचा हक्क कागदावर असलेल्या रकमेपुरता असतो. रोख दिलेला पैसा दिलाच नव्हता असं होतं. दागिने मोडून किंवा गावची जमीन विकून आणलेला पैसा असा बेवारस करू नका.

सहावी पायरी: नोंदणी, बीयू, ताबा

वकिलाने सुचवलेले बदल शेवटच्या छापील प्रतीत आले आहेत का, हे सहीच्या दिवशी पान उलटून पुन्हा ताडा. मसुदा एक आणि छापील प्रत दुसरी, असं होऊ शकतं. सहीनंतर नोंदणीसाठी कायद्याने चार महिने असतात, पण थांबू नका, त्याच दिवशी करा. नोंदलेली प्रत आणि इंडेक्सची नक्कल ताब्यात घ्या.

घर तयार झाल्यावर बीयू परमिशनची प्रत बघितल्याशिवाय ताबा घेऊ नका. "फर्निचर करायला घ्या चावी" असं म्हणून आधी चावी देतात, आणि सोबत एक ताबा पावती असते: घर नीट आहे, काही तक्रार नाही, उशिराबद्दल काही मागणं नाही. ती सही झाली की उशिराच्या व्याजाचा तुमचा दावा अडचणीत येतो. आधी घर फिरून ओल, फटी, दारं, गच्चीचा उतार यांची यादी करा आणि ती पावतीवरच लिहा. बांधकामातले दोष ताब्यापासून पाच वर्षांत दाखवून दिले तर बिल्डरने विनाखर्च ३० दिवसांत दुरुस्त करायचे असतात.

दस्तावेजाचा मसुदा वकिलाला दुसऱ्यांदा दाखवा. कार्पेट, पार्किंग, जमिनीतला अविभक्त हिस्सा, बिल्डरच्या प्रोजेक्ट लोनमधून तुमचा फ्लॅट मोकळा केल्याचं बँकेचं एनओसी, हे सगळं त्यात आलं पाहिजे. बानाखतात कमावलेलं दस्तावेजात गळून पडू शकतं.

सही आधीच झाली असेल तर

घाबरून गप्प बसू नका. सगळे कागद, पावत्या, बँकेची स्टेटमेंट, मेसेज एका फाइलीत लावून वकिलाकडे जा. बानाखत नोंदलेलं नसेल तर चार महिन्यांची मुदत अजून बाकी आहे का ते आधी बघा आणि बिल्डरला नोंदणी करण्याबद्दल लेखी कळवा. फोनवर नको, ईमेल किंवा रजिस्टर पोस्टाने. १० टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदणीशिवाय घेतली असेल तर त्या पत्रात कलम १३ चा उल्लेख करा, पुष्कळ बिल्डर तेवढ्यावरच हालचाल करतात.

रेराशी विसंगत असलेली अट तुम्ही सही केली म्हणून कायद्याच्या वर जात नाही. ताबा ठरल्या दिवशी मिळाला नाही तर कलम १८ खाली दोन मार्ग आहेत: स्कीममधून बाहेर पडून व्याजासकट पैसे परत मागणं, किंवा घर ठेवून उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागणं. यांतला कोणता घ्यायचा हे कर्जाची स्थिती आणि बांधकाम कुठवर आलंय त्यावर ठरतं, आणि बिल्डरला पत्र लिहिण्याआधी ते वकिलासोबत बसून ठरवा, कारण पहिल्या पत्रात जे मागाल त्यावरच पुढची तक्रार उभी राहते. तक्रार गुजरेराकडे ऑनलाइन दाखल होते. त्याच स्कीममधले आणखी चार-पाच खरेदीदार सोबत आले तर वकिलाचा खर्च वाटला जातो आणि कागदही एकमेकांना पूरक मिळतात.